सापडणं वेगळं, समजणं वेगळं : एमआरआय आणि स्तनाच्या कॅन्सरची पहिली पायरी



आजच्या कार्यक्रमाचा मेसेज तयार होत होता तेव्हा आयोजकांपैकी एकाने मला फोन करून विचारलं, “आपा, ‘छातीचा कॅन्सर’ असं लिहिलं तर चालेल का?” मी नाही म्हटलं. छातीत फुफ्फुसंही असतात, हृदयही असतं. ज्या अवयवाला नाव आहे त्याचं नाव घ्यायला लाजलो, तर पुढे डॉक्टरसमोरही तोंड उघडत नाही. तेव्हा स्तनाचा कॅन्सर. हा शब्द आज बऱ्याचदा येणार आहे, सवय करून घ्या. मुलांनीसुद्धा.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर लिहिते आणि त्यातली बरीच वर्षं दवाखान्यातल्या स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली आहेत. कुणी कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. पण त्या प्रतिमा रोज हाताळताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली, ती तुमच्यासमोर ठेवते : कॅन्सर सापडणं हे एक काम आहे आणि तो कॅन्सर पुढे काय करणार हे समजणं हे दुसरं काम आहे. पहिलं आपल्याला बरंच जमायला लागलंय. दुसरं अजून अवघड आहे, आणि एमआरआयची खरी गंमत त्या दुसऱ्या कामात आहे.

आधी आतली रचना पाहू. स्तनात द्राक्षाच्या घडांसारख्या ग्रंथी असतात, तिथे दूध तयार होतं, आणि ते निप्पलपर्यंत आणणाऱ्या बारीक नलिका असतात. प्रत्येक नलिकेला आतून पेशींचं अस्तर असतं आणि बाहेरून एक अतिशय पातळ पापुद्रा. हा पापुद्रा लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट त्याच्या दोन बाजूंना घडते. रक्तवाहिन्या त्याच्या बाहेर असतात, नलिकेच्या आत नसतात.

बहुतेक वेळा स्तनाचा कॅन्सर या नलिकेच्या अस्तरात सुरू होतो. पेशी बिघडतात, वाढतात, नलिका आतून भरून टाकतात, पण पापुद्रा ओलांडत नाहीत. या अवस्थेला डॉक्टर डक्टल कार्सिनोमा इन सिटू म्हणतात, थोडक्यात डीसीआयएस. ‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी. पापुद्रा फोडून पेशी बाहेर आल्या की त्यांना रक्ताचा आणि लसीकेचा रस्ता मिळतो, आणि मग तो पसरणारा कॅन्सर होतो.

आता अडचण अशी की प्रत्येक डीसीआयएस पापुद्रा फोडतोच असं नाही. काही वर्षानुवर्षं जागेवर बसून राहतात, काही लवकर फुटतात. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सरसकट सुरू होण्याआधी हे निदान क्वचित व्हायचं. आज अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या दर पाच नव्या निदानांपैकी साधारण एक डीसीआयएसचं असतं. त्या बाईला सांगितलं जातं की तुमचा कॅन्सर अगदी पहिल्या पायरीवर आहे. आणि मग ऑपरेशन, अनेकदा रेडिएशन, कधी कधी पूर्ण स्तन काढणं. यातल्या कितीजणींना त्याची गरज होती? एका-एका बाईपुरतं याचं खात्रीचं उत्तर आज कुणाकडे नाही. म्हणजे एकीकडे जिला काही होणार नव्हतं तिच्यावर शस्त्र चालतं, आणि दुसरीकडे ‘पहिलीच पायरी आहे’ म्हणून एखादीच्या बाबतीत ढिलाई होऊ शकते. दोन्हीकडे माणूसच आहे.

मॅमोग्राफीला डीसीआयएस कसा दिसतो? खरं तर दिसत नाही, त्याचा कचरा दिसतो. नलिकेत दाटीवाटीने वाढलेल्या पेशी मधल्या मध्ये उपाशी मरतात, तिथे कॅल्शियमचे कण साचतात आणि एक्स-रेवर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके उमटतात. गल्लीत कचरा पडलाय म्हणजे इथे कुणीतरी राहतं, असा हा अंदाज. कचरा दिसला नाही म्हणजे कुणी राहत नाही, असा मात्र नाही.

एमआरआयचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन आणि हायड्रोजनच्या केंद्रात एक प्रोटॉन. दीड टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट ताकदीत, हे प्रोटॉन रेडिओ लहरींना उत्तर देतात. मशीन फोटो काढत नाही. ती ही रेडिओ उत्तरं नोंदवते आणि त्यातून गणिताने चित्र उभं करते. इंजिनिअरिंगला ज्या फूरिए ट्रान्सफॉर्मच्या नावाने आपण बोटं मोडली, तोच तो. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये ही कल्पना मांडली, ‘नेचर’ने त्यांचा निबंध आधी परत पाठवला होता, आणि 2003 मध्ये त्याच कामासाठी त्यांना पीटर मॅन्सफील्ड यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ज्यांचे पेपर परत येतात त्यांच्यासाठी ही माहिती.

पण नुसत्या एमआरआयने स्तनाच्या बाबतीत सुरुवातीला निराशाच केली. गाठीतलं पाणी आणि आजूबाजूच्या ग्रंथीतलं पाणी जवळजवळ सारखंच दिसायचं. 1980च्या दशकाच्या मध्यात जर्मनीत सिल्व्हिया हेवांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तात गॅडोलिनियमचं औषध सोडून स्कॅन केले आणि गाठी उजळून दिसायला लागल्या. गॅडोलिनियम हा धातू मोकळा असला तर विषारी असतो, म्हणून तो एका रेणूच्या पकडीत बांधून देतात. तो जिथे पोहोचतो तिथल्या पाण्याचा सिग्नल वाढतो.

तो गाठीतच जास्त का पोहोचतो, याचं कारण जीवशास्त्रात आहे. बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं की गाठीला वाढायचं असेल तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात. या वाहिन्या म्हणजे रातोरात टाकलेली बेकायदा पाइपलाइन : वाकडीतिकडी आणि प्रत्येक सांध्याला गळणारी. गॅडोलिनियम त्या गळतीतून बाहेर येतं. एमआरआयवर उजळलेला भाग म्हणजे ‘इथे कचरा आहे’ असं नाही, ‘इथे पाणी जोरात ओढलं जातंय’ असं आहे. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे. एक्स-रे जे होऊन गेलं ते सांगतो, एमआरआय जे चालू आहे ते सांगतो.

आणि चालू आहे ते पाहायचं तर एक चित्र पुरत नाही, व्हिडिओ लागतो. म्हणून औषध दिल्यावर मिनिटा-दीड मिनिटाला पुन्हा पुन्हा स्कॅन करतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा आलेख काढतात. बॉनमध्ये क्रिस्टियाने कूल आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 266 गाठींचे असे आलेख वर्गवार लावले. काही आलेख हळूहळू चढत राहतात, काही चढून सपाट होतात, काही झपकन चढून लगेच उतरतात. हा शेवटचा प्रकार कॅन्सरच्या गाठींपैकी 57 टक्क्यांमध्ये होता आणि साध्या गाठींपैकी फक्त साडेपाच टक्क्यांमध्ये. जिथे आत येणं सोपं तिथे बाहेर पडणंही सोपं. सॉफ्टवेअरवाल्यांना असे आकडे आवडतात. एक उंबरठा ठरवा, लाल-हिरवा रंग द्या, काम झालं.

डीसीआयएस हा नियम पाळत नाही. तो बहुतेक वेळा गोळ्यासारखा दिसतच नाही, नलिकांच्या वाटेने पसरलेला पुंजका दिसतो, आणि त्याचा आलेख तिन्हींपैकी कसाही असू शकतो. त्यामुळे बराच काळ असं म्हटलं जायचं की एमआरआय पसरलेल्या कॅन्सरला चांगला, पण डीसीआयएससाठी मॅमोग्राफीच बरी.

2007 मध्ये कूल यांच्याच गटाने ‘लॅन्सेट’मध्ये त्याला धक्का दिला. पाच वर्षांत त्यांच्या केंद्रात 7,319 बायकांची एमआरआयही झाली होती आणि मॅमोग्राफीही. त्यातल्या 167 जणींना शुद्ध डीसीआयएस निघाला. मॅमोग्राफीने त्यातले 56 टक्के ओळखले होते, एमआरआयने 92 टक्के. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्वांत आक्रमक दिसणारे, म्हणजे उच्च श्रेणीचे डीसीआयएस 89 होते. मॅमोग्राफीतून त्यातले जवळजवळ निम्मे, 43, निसटले. एमआरआयतून दोन. म्हणजे मॅमोग्राफी जे सोडत होती ते गरीब बिचारे नव्हते, त्यात गुंडही होते. हे एकाच केंद्रातलं, अत्यंत सराव असलेल्या डॉक्टरांचं काम होतं, सगळीकडे असंच होईल असं नाही. तरी प्रश्न उभा राहिला : आक्रमक डीसीआयएस एमआरआयला जास्त का दिसतो?

इथे आपला पापुद्रा परत येतो. रक्तवाहिन्या नलिकेच्या बाहेर आहेत. पेशी आत कोंडलेल्या आहेत. गॅडोलिनियम रक्तातून येतं. मग उजळतंय ते नेमकं काय? नलिकेच्या बाहेर जमलेलं औषध, की पापुद्रा ओलांडून आत गेलेलं? माणसाच्या स्कॅनवर हे ठरवता येत नाही, कारण चित्राचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा आणि नलिका त्याहून बारीक. एका ठिपक्यात आत-बाहेर सगळं एकत्र मिसळलेलं. तुम्ही झूम करा, सॉफ्टवेअर गुळगुळीत करून दाखवेल, पण जी माहिती मोजलीच नाही ती झूम करून येत नाही. हे मी कामावर आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगते.

शिकागो विद्यापीठातल्या सनाझ जॅन्सन, ग्रेगरी कार्झमार, गिलियन न्यूस्टेड आणि सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर वाट काढली. त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या जनुकांत केलेल्या बदलामुळे त्यांना स्तनग्रंथीत आधी डीसीआयएस आणि मग पसरणारा कॅन्सर होतो. त्यांना गॅडोलिनियम दिलं, मग ग्रंथी काढून त्यांचे पातळ काप केले. हे काप शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत नेले. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स नावाचं यंत्र आहे, अकराशे मीटर घेराची एक रिंग, जिच्यातून अतिशय प्रखर एक्स-रे मिळतात. हे किरण कापावर टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचा एक्स-रे परत सोडतं. लोह आपला, जस्त आपला, गॅडोलिनियम आपला. त्यामुळे कापाच्या कोणत्या भागात गॅडोलिनियम किती आहे, याचा नकाशाच काढता येतो, आणि तो एमआरआयपेक्षा कितीतरी बारीक.

2009 मध्ये ‘रेडिऑलॉजी’त प्रसिद्ध झालेलं उत्तर असं : डीसीआयएसने भरलेल्या नलिकांमध्ये गॅडोलिनियम आत शिरलं होतं. आजूबाजूपेक्षा आतच जास्त होतं. निरोगी नलिकांमध्ये तसं नव्हतं.

जरा थांबून याचा अर्थ पाहा. आपण डीसीआयएसची व्याख्याच अशी करतो की पापुद्रा शाबूत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो शाबूतच दिसतो. पण रसायनाच्या पातळीवर तो आधीच झिरपू लागलेला आहे. पेशी बाहेर पडलेल्या नाहीत, पण भिंतीला ओल आली आहे. मग कदाचित वेगवेगळ्या डीसीआयएसमध्ये ही ओल कमी-जास्त असेल, आणि एमआरआयवर किती वेगाने उजेड येतो यावरून भिंतीची अवस्था कळेल. ही अजून शक्यता आहे, सिद्ध झालेला नियम नाही. पण प्रश्न किती बदलला बघा. आधी विचारत होतो ‘आहे की नाही’, आता विचारतोय ‘भिंत किती टिकणार’.

याच गटाने उंदरांवर आणखी एक काम केलं. जिवंत उंदरांचे आठवड्यांमागून आठवडे एमआरआय काढत त्यांनी एकेका डीसीआयएसचा पाठलाग केला. बहुतेक पसरणाऱ्या गाठीत बदलले, पण सगळे एकाच वेगाने नाही, आणि काही बदललेच नाहीत. एकाच जनुकीय दोषाचे उंदीर, एकच खाणं, एकच पिंजरा, तरी नशीब वेगळं. आधी एवढं पाहायचं तर उंदीर मारावा लागायचा, आणि मेलेल्या उंदराचं पुढे काय झालं असतं हे कळायला मार्ग नव्हता. स्कॅनमुळे तीच गाठ पुन्हा पुन्हा पाहता आली.

आता तुमच्यातले अर्धे जण मनात म्हणत असतील, एवढा डेटा आहे तर एआयला द्या ना. हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी येतो, म्हणून आधीच उत्तर देते. मॉडेल शिकवायला प्रतिमा लागतात आणि प्रत्येक प्रतिमेपुढे खरं उत्तर लागतं. मांजर की कुत्रा. इथे खरं उत्तर काय? ‘हा डीसीआयएस हात न लावता सोडला असता तर पुढे पसरला असता का?’ पण जिला निदान झालं तिचं जवळजवळ नेहमी ऑपरेशन होतं. उत्तर ऑपरेशनबरोबर कापून काढलं जातं. लाखो प्रतिमा गोळा करा, त्यांच्यापुढचा रकाना रिकामाच राहणार. मॉडेल पॅथॉलॉजिस्टची श्रेणी ओळखायला शिकेल, भविष्य नाही. जीपीयू कितीही घ्या.

हा रकाना भरायचा तर काही बायकांवर ऑपरेशन न करता, लक्ष ठेवून थांबावं लागतं. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण पूर्ण माहिती देऊन, संमती घेऊन, अमेरिकेत ते झालं. कॉमेट नावाची चाचणी, प्रमुख डॉ. शेली ह्वांग. चाळिशीच्या पुढच्या, कमी जोखमीचा डीसीआयएस असलेल्या 957 बायका. निम्म्यांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी तपासणी आणि काही बदल दिसला तरच ऑपरेशन. डिसेंबर 2024 मध्ये निकाल आला : दोन वर्षांत पसरणारा कॅन्सर ऑपरेशनच्या गटात 5.9 टक्क्यांना, लक्ष ठेवण्याच्या गटात 4.2 टक्क्यांना. म्हणजे थांबल्याने जास्त नुकसान झालेलं दिसलं नाही. मात्र दोन वर्षं हा छोटा काळ आहे, दोन्ही गटांतल्या अनेकजणी हॉर्मोनच्या गोळ्या घेत होत्या, आणि ऑपरेशनच्या गटातल्या बऱ्याचजणींनी ऑपरेशन करून घेतलंच नाही. तेव्हा “डीसीआयएसला काही करायची गरज नाही” असा फॉरवर्ड कुणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका. उच्च श्रेणीचा डीसीआयएस या चाचणीत नव्हताच.

हे ऐकून कुणी उद्या आपल्या अम्मीला एमआरआयला घेऊन जाऊ नका. हे यंत्र जास्त पाहतं, त्यामुळे निरुपद्रवी गोष्टींवरही उजळतं, मग सुई टोचून तुकडा तपासा, काळजी, खर्च. किडनी कमजोर असेल तर गॅडोलिनियमचा विचार वेगळा करावा लागतो. ज्यांना बीआरसीएसारखा जनुकीय दोष आहे किंवा घरातल्या इतिहासामुळे आयुष्यभराची जोखीम खूप जास्त आहे, त्यांना दरवर्षी एमआरआय सुचवतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2007 पासून तशी शिफारस केली आहे. ज्यांना करायचाच आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचं : पालथं झोपून अर्धा तास न हलता राहायचं, आवाज मोठा, अंगावर धातू चालत नाही. हिजाबच्या पिनासुद्धा आधी काढून ठेवाव्या लागतात. महिला टेक्निशियन हवी असेल तर वेळ ठरवतानाच विचारा, त्यात संकोच कसला.

आपल्याकडचा प्रश्न बॉन-शिकागोच्या उलट टोकाचा आहे. तिकडे मॅमोग्राफीमुळे डीसीआयएस भरपूर सापडतो आणि त्याचं करायचं काय ही चिंता. इथे सरसकट मॅमोग्राफी नाही, बाई येते तीच हाताला लागणारी गाठ घेऊन, अनेकदा महिनोन्‌महिने लपवून. खालाला सांगितलेलं असतं, खालाने भाभीला, आणि ज्याच्या हातात पैसे आणि गाडी त्याला सर्वांत शेवटी.

मुंबईतच टाटा मेमोरियलने यावर वीस वर्षं काम केलं आणि 2021 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते छापून आलं. मुंबईतल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायका. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. यंत्र नाही, वीज नाही. तपासणीच्या गटात कॅन्सर सापडला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असलेल्यांचं प्रमाण 37 टक्के होतं, दुसऱ्या गटात 47. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंमधला फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होते. हात डीसीआयएसची ओली भिंत पाहू शकत नाही, ते एमआरआयचंच काम. पण तिसऱ्या टप्प्याऐवजी दुसऱ्या टप्प्यात बाईला दवाखान्यात आणायला तो पुरतो.

गाठ, निप्पल आत ओढलं जाणं, निप्पलमधून रक्तासारखा स्राव, त्वचेला संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या. यातलं काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, सुरुवातीला बहुतेक वेळा ते दुखत नाहीच. सरकारी दवाखान्यातही हे दाखवता येतं.

मला दिलेला वेळ संपला. माइक मागच्या रांगेकडे द्या. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा, मी नाव न घेता वाचेन.